जवळजवळ फादर

पोज्जोलेत्तो, २४ जून १९९६

बर्नी,

पाकिटावरचं माझं गिचमिड अक्षर ओळखून तू हे न फोडताच फेकलं नसशील, अशी आशा धरून लिहितो.

मी मजेत आहे. ऑक्टोबरपासून रोमच्या सेमिनरीत सगळं शिक्षण इटालियनमधून होणार, म्हणून आम्हां सहा अमेरिकन पोरांना उन्हाळाभर या डोंगरावरच्या गावात भाषा शिकायला आणून टाकलंय. सहा जण, सहा घरांत. माझ्या वाट्याला लोरेदानाबाई आल्या. बाई पन्नाशीच्या, आवाज आपल्या कापणीयंत्राचा. नवरा ट्रक चालवतो, तो शनिवारी उगवतो. वरच्या मजल्यावर सासू, एर्सिलिया, नव्वदीला टेकलेली. तिला अजून नीट पाहिलं नाही, नुसती काठी ऐकलीय. काठी आपटली की लोरेदाना देवाचं नाव घेते, पण ज्या सुरात घेते तो प्रार्थनेचा नाही.

दिवस असा जातो. सकाळी मठाच्या चर्चमध्ये प्रार्थना आणि मिस्सा, मग दुपारपर्यंत वर्ग. वर्गात सगळ्यात ढ मी. आपल्या शाळेत वक्तृत्वाची ढाल आणणारा हा तुझा भाऊ इथे 'मला भूक लागली' आणि 'हे टेबल आहे' एवढंच बोलतो. काल काय झालं ते सांगता येत नाही, उद्या काय करणार तेही नाही. जेवण झालं की लोरेदाना खिडक्यांची लाकडी दारं ओढून घेते, बाहेरच्या दाराला आतून किल्ली फिरवते, किल्ली एप्रनच्या खिशात टाकते आणि घोरायला लागते. चार वाजेपर्यंत घर बंद. बाहेर पडायचं तर तिला उठवायला हवं, आणि ती छाती माझ्यात नाही. मी अंधारात पलंगावर पडून क्रियापदं घोकतो.

गुरुदीक्षा मिळून आम्ही फादर व्हायला अजून पाच वर्षं आहेत, पण कॉलेजचा नियम म्हणून घराबाहेर काळा शर्ट आणि गळ्याला पांढरी पट्टी घालावी लागते. त्यामुळे गाव मला 'डॉन कोर्रादो' म्हणतं. इथे फादरला डॉन म्हणतात, सिनेमातला डॉन डोक्यात आणू नकोस. मी प्रत्येकाला थांबवून सांगतो की मी फादर नाही, अजून शिकतोय. ते खांद्यावर थोपटतात आणि म्हणतात, "असू दे हो, जवळजवळ फादरच की!"

त्या निरोपाच्या जेवणाविषयी मी काही लिहिणार नाही. चर्चच्या तळघरात अख्ख्या गावासमोर तू विचारलंस, "कॉन, तुला जायचंय, की नाही म्हणता येत नाही म्हणून चाललायस?" मी म्हणालो, बटाट्याची बशी इकडे दे. गंमत केली होती गं. तू ताट ठेवून उठलीस ती थेट डेन्व्हरला. आता सोडून दे. मला यायचंच होतं.

कॉन


५ जुलै

बर्नी,

उत्तर नाही. म्हणजे पत्र मिळालं, असं मी समजतो.

रविवारी मॉमशी बोललो. मी तिला पाठवलेली पत्रं ती मिस्सा झाल्यावर कॉफीच्या टेबलाशी उभी राहून वाचून दाखवते. मी लिहिलं होतं की इथला कापलेला गहू बघून आपलं शेत आठवतं, तर म्हाताऱ्या मिसेस वॉसिंगर रडल्या म्हणे. "तीस वर्षांत आपल्या गावातून पहिला मुलगा रोमला गेला," हे मॉम फोनवरसुद्धा मला सांगते, जणू गेलेला दुसराच कोणी आहे. डॅड मागून ओरडले, "त्याला विचार, जेवण कसं आहे." जेवण उत्तम आहे. नको म्हटलं तर लोरेदाना दुप्पट वाढते, म्हणून मी आता नको म्हणत नाही.

एर्सिलियाबाईंशी ओळख झाली. थंडीपासून त्या खाली उतरलेल्या नाहीत, त्यामुळे त्यांचं ताट वर न्यायचं काम माझ्याकडे आलंय. पहिल्या दिवशी त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि चौकशी सुरू केली.

"किती दिवस आहात, डॉन कोर्रादो?"

"ऑगस्ट संपेपर्यंत."

"मग परत येणार इकडे?"

"नाही. रोम."

"आणि मी बोलते ते समजतं सगळं?"

"थोडं थोडं."

"वा, छान," असं म्हणून त्यांनी सूप प्यायला घेतलं. मला वाटलं, बाई धीर देतायत.

लोरेदानाने भांडी घासताना मला त्यांची कथा सांगितली. गावाला आता स्वतःचा फादर नाही. डॉन फुल्वियो तीन गावं सांभाळतात आणि धुरळा उडवत मोटारीने येतात. सासूबाई चालत्या होत्या तेव्हा एक मिस्सा चुकवत नसत, पण ख्रिस्तप्रसादाची वेळ आली की सगळे रांगेत आणि ही बाकावर. "माझ्या लग्नात बाकावर. पोराच्या नामकरणाला बाकावर. आमचं लग्न व्हायच्या आधीपासूनचं आहे हे. मनात काहीतरी गाठ आहे, ती कोणापुढे सोडत नाही."

मी विचारलं, डॉन फुल्वियोंकडे पापनिवेदन का करत नाहीत?

लोरेदाना फसकन हसली. "फुल्वियोकडे? तो याच गल्लीतला. त्याचं नाक मी पुसलंय! इथे कोणी आपल्या माणसाला पापं सांगत नाही. पूर्वी उपवासकाळात लांबून संन्यासी यायचे, तेव्हा या बायका रांग लावायच्या. परका बरा. ऐकतो आणि चालू लागतो. आता तेही येईनासे झाले."

बघ, किती इटालियन कळायला लागलंय मला.

कॉन


१४ जुलै

बर्नी,

एक छोटी गोष्ट झाली. कोणाला तरी सांगावीशी वाटली म्हणून लिहितो. मॉमला हे लिहिता येत नाही, कॉफीच्या टेबलावर वाचलं जाईल.

परवा जेवणं झाली, दार बंद झालं आणि लोरेदाना म्हणाली, "वर जा, मम्मा बोलावतेय." मला वाटलं ताट आणायचं राहिलं. वर गेलो तर एर्सिलियाबाई खुर्चीत ताठ बसलेल्या, डोक्यावरून काळी ओढणी, आणि दुसरी खुर्ची शेजारी तिरकी लावलेली. मी बसलो. त्यांनी क्रुसाची खूण केली आणि बोलायला लागल्या. पहिल्याच वाक्याला माझ्या लक्षात आलं की हे काय चाललंय. 'फादर, मी पाप केलंय' हे वाक्य कोणत्याही भाषेत ओळखू येतं.

तेव्हाच उठायला हवं होतं, कबूल. पण त्या थांबेनात. काय बोलल्या ते तुलासुद्धा सांगणार नाही. अर्धं गावठी बोलीत होतं, ते मला कळलंच नाही, आणि उरलेलं माझ्यापाशीच राहील. शेवटी त्या रडल्या. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हटलं आणि खाली आलो. एवढंच. म्हाताऱ्या बाईला बरं वाटलं, माझं काय गेलं? सगळं ठीक आहे.

अभ्यासही ठीक. आता मला काल झालेलं सांगता येतं.

कॉन


२९ जुलै

बर्नी,

तुझं कार्ड आलं. बर्फाच्या डोंगराचं चित्र आणि मागे दोन वाक्यं: 'खरं लिहिणार असलास तर लिही. नाहीतर तिकिटं वाया घालवू नकोस.' लहानपणी मी फुलदाणी फोडली की तू अशीच दारात उभी राहायचीस आणि मी होऊन सांगेपर्यंत हलायची नाहीस.

बरं, खरं ऐक. 'आमच्या स्वर्गातील पित्या' मी म्हटलं नाही. रडून झाल्यावर त्यांनी मान खाली घातली आणि थांबल्या. कशासाठी थांबल्यात ते मला माहीत होतं. खोलीत अंधार, खाली लोरेदानाचं घोरणं, आणि एर्सिलियाबाईंची ती वाकलेली मान. मी हात उचलला आणि पापक्षमेचे शब्द म्हटले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. इटालियनमधले येत नव्हते म्हणून इंग्रजीत म्हटले. त्यांना ते लॅटिन वाटलं. "जुन्या पद्धतीने दिलीत. देव तुमचं भलं करो," असं म्हणून त्यांनी माझ्या हाताचा मुका घेतला.

हे काय करून बसलो, ते तुला वेगळं सांगायला नको. आपण दोघंही नन्सच्या शाळेत शिकलो. गुरुदीक्षा न झालेल्या माणसाने क्षमा दिली तर ती क्षमाच नव्हे. त्याला चर्चची शिक्षा आहे, आणि ती कोणी द्यावी लागत नाही, केल्याक्षणी लागू होते: प्रसाद बंद. मी ती घेऊन हिंडतोय आणि रोज सकाळी त्या बाकी पाच पोरांबरोबर रांगेत उभा राहून प्रसादही घेतोय, कारण नाही घेतला तर ते विचारतील.

दुसरंही सांगून टाकतो. 'मी फादर नाही' हे सांगणं मी कधीच बंद केलं होतं. वर्गात मी ढ, घरात मुका, आणि रस्त्यावर उतरलो की म्हातारे टोप्या काढतात. बेकरीवाला ओरडतो, "डॉन कोर्रादो, आधी तुमचा पाव!" मला ते आवडलं, बर्नी. इथे आल्यापासून तेवढीच एक गोष्ट आवडली.

आता त्याचं पुढे काय झालं ते ऐक. दुसऱ्या दिवशी सकाळी एर्सिलियाबाई जिना उतरून खाली आल्या. लोरेदानाच्या हातातून दुधाचं भांडं पडलं. बाईंनी दोनदा वाढून घेतलं, वाइन मागितली आणि जाहीर केलं की पंधरा ऑगस्टला, मारियामातेच्या सणाला, त्या चर्चला जाणार आणि सगळ्यांसमोर प्रसाद घेणार. लोरेदाना एप्रनमध्ये तोंड खुपसून रडली. आता ती शिवणयंत्रावर बसून सासूचा काळा झगा उसवून नव्याने शिवतेय. घरात दिवसभर ती खडखड चाललेली असते.

कॉन


६ ऑगस्ट

बर्नी,

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झालीय.

एर्सिलियाबाईंचं तोंड आता बंद होत नाही. गल्लीत खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना सांगतात, "हा पोरगेलेसा दिसतो, पण काय ऐकतो! मध्ये एक शब्द बोलत नाही." बोलणार कसा, शब्द कुठे होते माझ्याकडे? काल दुपारी वर्गातून आलो तर दारात तीन म्हाताऱ्या डोक्यावरून ओढण्या घेऊन उभ्या. मी पोटात दुखतंय म्हणालो आणि खोलीत शिरलो. लोरेदानाने मला उकळलेल्या तमालपत्राचं पाणी पाजलं. आता रोज पोट दुखवणं भाग आहे, म्हणजे रोज ते पाणी आलं.

मी वर्ग संपल्यावरही मठातच रेंगाळतो. पण दुपारी घरी यावंच लागतं, आणि दाराची किल्ली फिरली की मी, म्हातारी आणि तो जिना. ती वरून हाक मारते, "डॉन कोर्रादो, झोपलात?" मी श्वास धरून पडून राहतो. चोवीस वर्षांचा घोडा मी, आणि एका म्हातारीला घाबरून उशीत तोंड घालतो.

आमच्यावर देखरेख करणारे फादर डोनेलन दर सोमवारी रोमहून येतात. काल मी ठरवून गेलो होतो. तोंड उघडलं. ते म्हणाले, "काय कॉनराड, जेवणखाण कसं काय?" मी म्हणालो, "उत्तम, फादर." झालं, आठवडा गेला. आता सणाच्या आधीचा एकच सोमवार उरलाय.

आता जे लिहितो ते वाचून तू माझी कीव करशील किंवा शिवी देशील. फादरांना सांगितलं तर मला घालवतील. बॅग भरा आणि कॅन्ससला परत. आणि हे मनात आल्यावर मला भीती वाटली नाही, हायसं वाटलं. हाकललेल्या पोराला कोणी विचारत नाही की तुझी इच्छा होती का. मॉमला वाईट वाटेल, पण तो राग माझ्यावर नसेल, रोमवर असेल. मी काहीच न बोलता सुटेन.

आता बघ मी कसा आहे. ती बाई इतक्या वर्षांनी देवासमोर जायला झगा शिवून घेतेय, आणि मी तिच्या पापावर पाय देऊन कुंपण ओलांडायचं बघतोय. माझीच मला शिसारी येते. तरी काल पलंगाखालची बॅग ओढून मी हिवाळी स्वेटर आत घातले.

कॉन


१३ ऑगस्ट

बर्नी,

सांगितलं.

काल फादर डोनेलन मोटारीतून उतरायच्या आधीच मी खिडकीशी गेलो. त्यांनी जेवणाचं विचारलं. मी म्हणालो, "फादर, मी एका बाईचं पापनिवेदन ऐकलंय आणि क्षमा दिलीय." त्यांनी इंजिन बंद केलं आणि मला शेजारी बसायला सांगितलं. सगळं ऐकेपर्यंत ते समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"तुला तिला फसवायचं होतं?"

"नाही."

"मग?"

"तिला नाही म्हणता आलं नाही."

"आज सांगायचं तिला. आत्ता. मी बरोबर येतो, पण बोलणार तू."

लोरेदानाने दार उघडलं, आमचे चेहरे बघितले आणि एक शब्द न विचारता शिवणयंत्र थांबवलं. फादर जिन्यात थांबले. मी वर गेलो. मला काल झालेलं सांगता येतं असं मी तुला लिहिलं होतं, पण ते सांगताना माझी बोबडी वळली. तरी सांगितलं: मी फादर नाही. कधीच नव्हतो. त्या दिवशी दिली ती क्षमा नव्हती.

एर्सिलियाबाईंनी विचारलं,

"म्हणजे ते अजून माझ्या अंगावरच आहे?"

"हो."

"आणि ते लॅटिन?"

"इंग्रजी होतं."

"तू," त्या म्हणाल्या. आजवर तुम्ही, डॉन, आपण असंच होतं. "तुला तोंड नव्हतं? एवढंसं 'नाही' म्हणायला काय जात होतं रे? गाढवसुद्धा म्हणतं! जन्मभर दात आवळून बसले, आणि एकदा तोंड उघडलं ते कोणापुढे, तर पोरापुढे! काढ ती पट्टी. काढ आधी."

मी गळ्यातली पट्टी काढली. मग त्या रडायला लागल्या, आणि ते रडणं त्या दिवशीसारखं नव्हतं. ते रागाचं होतं. मला जवळ जाता येईना आणि खोलीतून निघताही येईना. शेवटी मी म्हणालो, खाली खरे फादर आले आहेत. माझ्यासारखेच परके आहेत.

"त्याला इटालियन येतं?"

"चांगलं येतं. वीस वर्षं रोममध्ये आहेत."

"मग नको."

जिन्यातून फादर डोनेलनांचा आवाज आला, "सिन्योरा, मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. लहानपणी गोवर झाला होता." हे खरं आहे. प्रार्थना म्हणताना ते नेहमी सगळ्यांच्या डावीकडे उभे राहतात.

बाईंनी डोळे पुसले आणि विचार केला. "त्याचा डावा कान माझ्याकडे येईल अशी खुर्ची लाव," त्या मला म्हणाल्या. मी लावली. "आता चालता हो."

मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो. लोरेदाना माझ्यासमोर बसली. तिने मला शिवी दिली नाही, पण खायलाही काही दिलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या टेबलावर माझ्यासमोर ताट नव्हतं.

फादर खाली आले ते बऱ्याच वेळाने. मोटारीपर्यंत मी बरोबर गेलो. बॅग भरलेलीच होती, फक्त वरून आणायची होती. मी विचारलं, "मी आजच निघू का?"

"कुठे?"

"घरी. मला काढणार ना?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "कॉनराड, तू केलंस ते गंभीर आहे. बिशपांना कळवावं लागेल. शिक्षा उठेपर्यंत तू प्रसाद घ्यायचा नाहीस. पण तू आपण होऊन आलास. तिच्यासमोर उभा राहून स्वतःच्या तोंडाने सांगितलंस. मी किती मुलं पाहिलीत, हे करणारी फार थोडी. अशा मुलाला आम्ही हातचा जाऊ देणार नाही. तू चांगला फादर होशील."

आणि बर्नी, मी म्हणालो, "थँक यू, फादर."

ते गेले. मी वर जाऊन स्वेटर परत कपाटात ठेवले. आता मला इथून कोणीही घालवणार नाही.

कॉन


१५ ऑगस्ट

बर्नी,

आज सण झाला. एर्सिलियाबाई नव्या शिवलेल्या झग्यात, एका बाजूला काठी आणि एका बाजूला लोरेदाना, अशा चर्चला आल्या. प्रसादाच्या वेळी त्या उठल्या तेव्हा पुढच्या बाकांवरच्या लोकांनी माना वळवल्या. डॉन फुल्वियोंनी त्यांना प्रसाद दिला, ते मला मागूनही दिसलं. सगळं गाव रांगेत होतं आणि मी चौकड्याच्या शर्टात शेवटच्या बाकावर बसून होतो. माझ्याकडेही माना वळल्या. बेकरीवाल्याने मला मान डोलावून 'चल ना' अशी खूण केली. मी बसून राहिलो.

परतताना म्हातारी आपल्या जागेवर गेलीच नाही. लोरेदानाचा हात सोडवून ती माझ्या बाकावर येऊन टेकली. माझ्याशी ती सोमवारपासून बोललेली नव्हती.

"तुझी शिक्षा कधी सुटणार?"

"थोड्या आठवड्यांत. फादर म्हणाले, काळजी नको. ऑक्टोबरमध्ये मी रोमला."

"मग असा मढ्यासारखा का बसलायस? माझी सुटली तेव्हा मला नाचावंसं वाटलं. पाय नाहीत म्हणून, नाहीतर नाचले असते."

मी म्हणालो, "मला फादर व्हायचं नाही."

हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं, आणि तेही इटालियनमध्ये. तिथे मिस्सा चालू होती.

तिला आश्चर्य वाटलं नाही. तिने काठी दोन गुडघ्यांत धरली आणि म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मी काय तुझी आई आहे?"

जेवायला न जाता मी चौकातल्या फोनपाशी गेलो. मॉम उठलेली होती, तिकडे नुकतं उजाडत होतं. माझा आवाज ऐकून तिला वाटलं, सणाच्या शुभेच्छा द्यायला केलाय. ती म्हणाली, "थांब, डॅडना बोलावते." मी म्हणालो, नको, आधी तू ऐक. मी रोमला जाणार नाही.

"त्यांनी काढलं तुला?"

मी तिला एर्सिलियाबाईंचं झालेलं सगळं थोडक्यात सांगितलं. सांगत असताना ती मध्ये 'अरे देवा' म्हणाली, पण पुढे तिचा आवाज भराभर चालायला लागला. चर्चच्या कामात काही अडलं की ती अशीच बोलते.

"बरं. मग तेच सांगू. काढलं म्हणून सांगू. एका म्हातारीवर दया केली म्हणून पोराला काढलं! लोक तुझ्याच बाजूने होतील, बघशील तू. मिसेस वॉसिंगर तर बिशपांना पत्र लिहितील. ऐकतोयस ना, कॉन? तू होऊन सोडलंस असं मात्र कोणापाशी बोलू नकोस. मला त्या लोकांत राहायचंय."

बर्नी, उन्हाळाभर मला जे हवं होतं ते ती हातावर ठेवत होती, आणि तेही माझ्यावरच्या प्रेमाने. मला फक्त 'बरं' म्हणायचं होतं.

"नाही, मॉम."

"काय नाही?"

"कोणी काढलं नाही. ते मला ठेवून घेतायत. मीच नको म्हणतोय."

मागे रेडिओवर हवामान सांगत होते. मी बोलत राहिलो. म्हणालो, तुझ्यावर राग नाही, तुझं काही चुकलं नाही, मी आधीच सांगायला हवं होतं, मी आलो की आपण दोघं नीट बसून बोलू. बराच वेळ बोललो. मग लक्षात आलं की रेडिओ ऐकू येत नाहीये. तिने फोन ठेवला होता, इतका हळूच की मला कळलंही नाही.

मला वाटायचं, एकदा सांगून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. चौकात उभा राहून मी लहान पोरासारखा रडलो, आणि सणाचे नवे कपडे घातलेले लोक माझ्याकडे बघत जेवायला चालले होते. पण मॉमने पुन्हा विचारलं, तर मी पुन्हा तेच सांगेन.

कॉन